दोनावर एक

माळ्यावरचा खोका माझ्या डोक्यावर पडला आणि फुटला. दिवाळीची साफसफाई चालली होती. स्टुलावर मी, स्टूल धरून मुलगी, आणि दाराशी खुर्ची टाकून देखरेखीला आई. अंगाच्या साबणाच्या वड्या फरशीभर घरंगळल्या. मोजल्या तर सत्तावीस. त्यामागून भांड्याचे साबण अकरा, टूथपेस्टचे सहा खोके, हँडवॉशचे चार पाऊच, ओट्सची दोन पाकिटं आणि टोमॅटो सॉसच्या दोन बाटल्या निघाल्या. एका बाटलीची तारीख उलटून पाच महिने झाले होते. ओट्सला आतून जाळी धरली होती.

"बाबा, आपण दुकान काढतोय का?" मुलीनं विचारलं.

"दुकानातला माल विकला तरी जातो," आई म्हणाली.

हसण्यावारी नेलं खरं, पण मला ते जरा लागलंच. कारण मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करतो. गाड्यांचे सुटे भाग बनतात आमच्याकडे. इतकी वर्षं समोर बसलेल्या पुरवठादाराला मी एकच गोष्ट सांगत आलोय: लागेल तेवढंच घेणार. तो म्हणतो, साहेब, पाच हजार बोल्टांऐवजी दहा हजार घ्या, नगामागे चार पैसे कमी करतो. मी म्हणतो, नको. दहा हजार ठेवायला रॅक लागतो, पैसा अडकतो, पावसाळ्यात गंज चढतो, आणि ड्रॉइंग बदललं की उरलेले भंगारात. दर महिन्याला स्टोअर्सकडून 'नॉन-मूव्हिंग'ची यादी येते. बरेच महिने जागचा हललेला नाही असा माल त्यात असतो. माझ्या खरेदीतलं काही त्यात दिसलं की मॅनेजर भर मीटिंगमध्ये विचारतो, "हा कुणाचा प्रसाद?"

असा हा मी रविवारी सुपरमार्केटात ट्रॉली हातात आली की वेगळाच माणूस होतो. 'दोनावर एक मोफत' अशी पिवळी पाटी दिसली की हात आपोआप पुढे जातो. घरी किती आहेत, संपतात कधी, ठेवणार कुठे, यातलं काही डोक्यात येत नाही. कंपनीच्या पैशांशी इमानदार आणि स्वतःच्या पैशांशी उधळा असा माणूस असतो की नाही ठाऊक नाही. माझ्या माळ्यावर पुरावा होता.

त्या संध्याकाळी ठरवलं, हिशेब ठेवायचा. दोनच दिवसांनी पाडवा होता. व्यापारी लोक त्या दिवशी नव्या वह्यांची पूजा करतात. मीही दोनशे पानी वही आणली, हळदकुंकू वाहिलं (आईनं वाहायला लावलं) आणि दिवाळी पाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत घरात येणाऱ्या प्रत्येक ऑफरच्या वस्तूची नोंद करायची असं जाहीर केलं. पाकीट फोडलं की त्यावर मार्करनं तारीख. संपलं की वहीत तारीख. फेकलं तर तेही लिहायचं, लपवायचं नाही. बायको म्हणाली, "अहो, ऑफिस कमी पडतंय का?"

पहिले काही दिवस नुसती आकडेमोड झाली. पाट्यांवरचे टक्के सरळ करून बघायला लागलो. दोनावर एक म्हणजे तेहतीस टक्के सूट, एकावर एक म्हणजे पन्नास, तिनावर एक म्हणजे पंचवीस, इथपर्यंत ठीक. पण 'दुसऱ्या नगावर ३० टक्के सूट' हे कानाला तीस वाटतं, दोन्ही नगांवर मिळून ती पंधराच होते. '२० टक्के जास्त' याचा अर्थ शंभर ग्रॅमच्या पैशात एकशेवीस ग्रॅम. म्हणजे ग्रॅममागे भाव २० टक्क्यांनी नाही, पावणेसतरा टक्क्यांच्या आत-बाहेर उतरतो. आणि या सगळ्यांना एकच अट: घेतलेलं शेवटच्या थेंबापर्यंत वापरलं गेलं पाहिजे. दोनावर एक घेऊन तिसरं फेकलं तर सूट शून्य. दोन फेकली, तर एकाला दुप्पट मोजले.

त्याहून मोठी गोम एमआरपीत आहे. पाकिटांवर सर्व करांसहित कमाल किंमत छापायची पद्धत आपल्याकडे १९९० साली आली. ती कमाल किंमत आहे, त्यापेक्षा जास्त घेता येत नाही; कमी घ्यायला कुणाची ना नाही. मोठी दुकानं बहुतेक माल रोजच एमआरपीच्या खाली विकतात. ऑफर मात्र बऱ्याचदा एमआरपीवर लावलेली असते. समजा, भांडी घासायच्या लिक्विडची बाटली. एमआरपी २००, दुकानात एरवी १७० ला मिळते. एका आठवड्यात पाटी लागते, 'दुसऱ्या बाटलीवर ३० टक्के सूट'. पहिली २००, दुसरी १४०, दोन्हीचे ३४०. म्हणजे एकीचे १७०. रोजचाच भाव, फक्त आता दोन घ्यायच्या. हे गणित मी जेवणाच्या टेबलावर मांडलं तेव्हा मुलगी क्षणभर गप्प बसली. तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

अर्थात प्रत्येक ऑफर अशी पोकळ नसते. त्याच बाटलीवर 'दोनावर एक' असेल तर चारशेला तीन, म्हणजे एक १३३ ला. पाटी तेहतीस टक्के म्हणते. रोजच्या १७०शी ताडून पाहिलं तर बावीस टक्क्यांच्या आसपास पडते. पण ते बावीस खरे आहेत, त्यांना नाव ठेवायला जागा नाही.

'मोफत' या शब्दाबद्दल मात्र आमच्या अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्यानं छान गोष्ट दाखवली. जीएसटी आला तेव्हा व्यापाऱ्यांना प्रश्न पडला होता: एकावर एक मोफत दिलेल्या वस्तूचं काय? फुकट दिली म्हणजे तिच्यासाठी भरलेल्या कराची वजावट मिळणार नाही का? त्यावर ७ मार्च २०१९ रोजी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं परिपत्रक काढलं. त्यात म्हटलंय की वरवर पाहता एक वस्तू फुकट दिल्यासारखी वाटली तरी तसं नाही. फार तर एका किमतीत दोन वस्तू विकल्या असं समजावं. म्हणजे सरकारच्या लेखी फुकट काही नाहीच. मी घरी येऊन हे मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. आई म्हणाली, "एवढं सांगायला दिल्लीला कागद काढावा लागला?"

आईबद्दल सांगायला हवं. माळ्यावरच्या सत्तावीस वड्यांपैकी निम्म्याहून जास्त तिच्या आग्रहाच्या होत्या.

ती लग्न होऊन गोरेगावला आली ती सत्तर-एकाहत्तर साली. लगोलग बहात्तरचा दुष्काळ. तिचं माहेर कऱ्हाडकडचं, तिथून येणाऱ्या पत्रांत सुकडीचं आणि मिलोचं, म्हणजे परदेशातून आलेल्या त्या लाल ज्वारीचं वर्णन असे. मुंबईत दुष्काळ दिसत नव्हता, टंचाई दिसत होती. साखर रेशनवर, रॉकेलला रांग, तेल कधी आहे कधी नाही. कुणीतरी चाळीत ओरडत यायचं, "रेशनवर आलंय!" काय आलंय ते रांगेत उभं राहिल्यावर कळायचं. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे काढले ते याच दिवसांतले. आई एकदा गेली होती. लाटणं घरचं नेलं नाही. शेजारणीकडे जुनं होतं ते मागून नेलं, "न जाणो, हरवलं तर" म्हणून. हे ती अजून अभिमानानं सांगते. मोर्चात जातानासुद्धा वस्तूचा जीव सांभाळायचा असतो, असा तिचा चेहरा असतो.

त्या काळात 'मिळतंय तोवर घेऊन ठेव' हा शहाणपणा होता. उद्या मिळेल याची खात्री नाही, मिळालं तर भाव चढलेला असेल. साठा हाच विमा. आज दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि मोबाइलवर सांगितलं तर साबण दहा मिनिटांत दारात येतो. पण हात जुनाच आहे. तो साबण बघितला की रेशनची रांग आठवतो. माझ्या हातालाही तिच्याकडूनच ते आलं असावं, कारण मी काही रांगेत उभा राहिलेलो नाही.

मात्र तिची खरेदीची एक रीत माझ्यापर्यंत पोचलीच नाही. ती आहे यादीची.

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली. आई काही वर्षांनी तिच्या एका संघात गेली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, प्रत्येकानं महिन्याची यादी आधी भरून द्यायची, सगळ्यांचा माल एकत्र यायचा आणि एकीच्या घरी वाटप. मला आठवतंय ते आमच्याकडे पाळी असायची तेव्हाचं. पुढच्या खोलीत डाळींच्या, साबणांच्या, तेलाच्या राशी, आणि चार बायका यादी वाचून ढीग लावताहेत. एकगठ्ठा खरेदीचा फायदा होता तो, आणि खरा होता. पण एकगठ्ठा घेत होता तो संघ. घरात मात्र महिन्याला लागेल तेवढंच यायचं. कुणी दोन किलो जास्त साखर लिहिली तर शेजारीण विचारायची, "पाहुणे येणारेत का गं?" आता पन्नास रुपये वाचवायला मी तीन महिन्यांचा साबण घेतो तेव्हा असं विचारणारं कुणी नसतं.

ते फॉर्म भरून भरून आईला सवयच लागली. महिना संपायच्या आत, कॅलेंडरच्या उलट्या कागदावर, पेन्सिलनं यादी. आणि त्या यादीत काही वस्तूंपुढे ती कंसात लिहायची, 'बघून'. म्हणजे भाव बरा असेल तर घे, नसेल तर राहू दे. 'गूळ १ किलो', 'तूरडाळ २ किलो', 'शेंगदाणे (बघून)'. वडील वाण्याच्या दुकानात यादी धरून उभे राहायचे आणि 'बघून'वाल्या वस्तूंचा भाव आधी विचारायचे.

आजीकडे, कऱ्हाडला, एकगठ्ठा प्रकार आणखी वेगळा. मे महिन्यात वर्षाची बेगमी. गहू पोत्यानं, तांदूळ पोत्यानं, डाळी. पण त्याला कष्ट होते. गहू निवडा, उन्हात घाला, डाळीला एरंडेलाचा हात फिरवा, कडुनिंबाचा पाला थरांमध्ये घाला, कोठीचं झाकण शेणानं लिंपा. त्या कष्टांचे पैसे आजीनं कधी लावले नाहीत, कुणीच लावले नाहीत. लावले असते तर बेगमी स्वस्त पडत होती का, हा हिशेब मला अजून करून बघायचाय. आमच्या माळ्यावरच्या ओट्सला मात्र ना ऊन लागलं ना एरंडेल, म्हणून जाळी धरली.

वहीच्या दुसऱ्या महिन्यात मी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठजींशी बोललो. सुपरमार्केट आल्यापासून त्यांचं गिऱ्हाईक कमी झालंय, त्यामुळे बोलायला वेळ असतो. ते म्हणाले, "साहेब, स्कीम आम्हालाही येते. बारावर एक, कधी दहावर एक. महिनाअखेर आली की कंपनीचा सेल्समन पाठ सोडत नाही. त्याला टार्गेट असतं ना! मला लागत नसला तरी माल घ्यायला लावतो. मी म्हणतो, माझ्याकडे ठेवायला जागा कुठंय?"

मला एकदम ओळखीचं वाटलं. हीच तर आमची भाषा. कारखान्यातून माल डेपोत, डेपोतून वितरकाकडे, वितरकाकडून दुकानात. प्रत्येक जण आपल्या गोदामातला माल पुढच्याच्या गोदामात ढकलतो आणि त्यासाठी थोडी सूट देतो. शेठजी जागा नाही म्हणून अडतात, मी कंपनीत रॅक नाही म्हणून अडतो. या साखळीत अडत नाही असा एकच माणूस आहे, तो म्हणजे रविवारी ट्रॉली घेऊन फिरणारा. त्याच्याकडे माळा आहे, पलंगाखालची जागा आहे, बाल्कनीतलं कपाट आहे. कुणाचं तरी मार्चअखेरचं टार्गेट चिंचवडमधल्या आमच्या माळ्यावर येऊन पूर्ण होतं. आणि त्या माळ्याचे, चौरस फुटाच्या भावानं, मी अजून हप्ते भरतोय.

आपल्याकडच्या दुकानदारांना हे उमगलं तेव्हा काय झालं तेही बघण्यासारखं आहे. २६ जानेवारी २००६ ला बिग बझारनं 'सबसे सस्ता दिन' केला. तेव्हाच्या बातम्या ज्यांनी वाचल्या त्यांना ती गर्दी आठवत असेल. सुट्टीचा दिवस, झेंडावंदन करून माणसं थेट दुकानाच्या रांगेत. त्याउलट २००२ साली पवईत पहिलं दुकान काढणाऱ्या डीमार्टनं रोजचाच भाव कमी ठेवायचा रस्ता धरला. पुरवठादारांना पैसे लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. खरेदीवाला म्हणून मला हे दुसरं लगेच पटतं. रोख पैशाइतकं पुरवठादाराला दुसरं काही गोड लागत नाही. पण मनोरंजन म्हणाल तर पहिल्यातच. रोज कमी असलेल्या भावाची गोष्ट कुणी शेजाऱ्याला सांगत नाही. 'तीन आणले, दोनाचे दिले' ही सांगता येते.

आता वहीत काय निघालं ते.

बिस्किटांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. एक मोठा पुडा आमच्याकडे साधारण चार दिवस पुरायचा. दोनावर एक आणले की तीन पुडे बारा दिवस पुरायला हवेत. पुरले सहा दिवस. पुन्हा करून पाहिलं, सात दिवस. डबा भरलेला दिसला की चहाबरोबर दोनाऐवजी चार खाल्ली जातात. यात चोर कोण हे वहीत लिहिलेलं नाही, पण रात्री अकराला स्वयंपाकघरात जाणारा घरात एकच माणूस आहे आणि वही तोच लिहितो. पैशात बघितलं तर बिस्किटांचा महिन्याचा खर्च ऑफरमुळे वाढला. माझी भाची इंग्लंडमध्ये असते, तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, इथं कायदाच झालाय." खरंच आहे. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या मोठ्या दुकानांना जास्त साखर-मीठ-चरबीच्या पदार्थांवर एकावर एक अशा ऑफरी लावायला मनाई आहे. तिथल्या सेन्सबरीज या साखळीनं तर २०१६ सालीच अशा बहुतेक ऑफरी बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. तिथल्या सरकारला चिंता पोटाच्या घेराची; माझ्या वहीत घेराचा रकाना नव्हता, ठेवला असता तर भरला असता.

हँडवॉशचंही तसंच. भरलेली बाटली असली की मुलगी दोनदा दाबते. संपत आली की पाणी घालून एकदा. टोमॅटो सॉस तिसऱ्या आठवड्यानंतर कुणी हातात घेत नाही. दुसरी बाटली फुकट असली तरी तिला पहिलीनंतर गिऱ्हाईक नाही. नूडल्सबद्दल मी बोलणार नाही.

साबण मात्र वेगळा निघाला. अंगाला लावायची वडी माळ्यावर तीन असोत की तीस, संपायला तेवढेच दिवस घेते. कुणी साबण दुप्पट लावत नाही. खराब होत नाही. उलट आई म्हणते, जुना वाळलेला साबण कमी झिजतो. कपड्यांची पावडर, फिनेल, टूथपेस्ट यांचंही थोड्याफार फरकानं तेच. म्हणजे जे खाता येत नाही आणि ज्याचा मोह पडत नाही, तिथे ऑफर जवळजवळ तिच्या शब्दाला जागते. पाच महिन्यांत बिलांच्या खाली 'आपण वाचवले' म्हणून छापून आलेल्या रकमांची बेरीज चार हजारांच्या वर गेली होती. त्यातून फेकलेलं, उगाच खाल्लेलं आणि एरवी घेतलंच नसतं असं वजा केलं तर तेराशेच्या आसपास उरले. त्यातले बहुतेक आईच्या साबण-पावडरीतले. ज्या वड्या डोक्यावर पडल्या म्हणून ही वही सुरू झाली, त्यांनीच वहीची लाज राखली.

हे मी आईला सांगितलं नाही. तिला आधीच कळलं होतं. मुलीनं सांगितलं होतं.

लहान पुड्यांचा हिशेब हा आणखी एक धक्का. मोठं ते स्वस्त, असं मी धरून चाललो होतो. आता पाकिटांवर एककाचा भाव छापावा लागतो, २०२१ मध्ये तसा नियम केला गेला. कल्पना चांगली, पण किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा भाव आणि किलोच्या वरच्या पाकिटावर किलोचा. म्हणजे एकीकडे ०.३२ रुपये आणि दुसरीकडे २८९ रुपये, आणि मधे चष्मा कपाळावर चढवलेला मी. शिवाय तो भाव एमआरपीवरून काढलेला, ऑफर त्यात नाहीच. तरीही त्याच्या मदतीनं आम्ही एकदा शाम्पूच्या बाटलीसमोर उभे राहिलो. बाटलीबरोबर कंडिशनरची छोटी बाटली मोफत. मुलीनं मोबाइलवर भागाकार केला, मग आई तिच्या दोन रुपयांच्या पुड्यांची माळ घेऊन आली आणि तिचाही केला. मिलीलिटरमागे पुडी निम्म्याहून स्वस्त. कंडिशनर धरूनसुद्धा. प्लास्टिकचा कचरा किती होतो हे मी बोलून दाखवलं, कारण हरताना माणसाला पर्यावरण आठवतं.

मार्चमध्ये एकदा दुकानात (कुठल्या ते राहू दे) मी तुपाच्या बरण्या घेतल्या. रॅकवर पाटी होती, दोन घेतल्यास दोनशे रुपये कमी. बिलात कमी झाले नाहीत. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, ती ऑफर काल संपली. पाटी काढायची राहिली असेल." मागे दहा माणसं, त्यांच्या ट्रॉल्या, एक रडणारं मूल. दोन्ही बरण्या परत ठेवा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "कंपनीत असं केलं असतंत का हो?" केलं नसतं. कंपनीत मी पर्चेस ऑर्डर पुढे केली असती, डेबिट नोट फाडली असती, पुढचं पेमेंट अडवलं असतं. तिथे माझ्याकडे कागद असतो, आणि मागे रांग नसते. वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलं: तूप २, सूट ०.

गुढीपाडव्याला वही बंद केली. सत्तावीसपैकी बारा वड्या उरल्या होत्या, त्या आता आणखी चारेक महिने जातील. सुपरमार्केट सोडलं नाही. तूरडाळ तिथे शेठजींपेक्षा स्वस्त पडते, तेलही. शेठजींकडून सुटे मसाले आणि पाव किलो रवा, कारण पाव किलोच लागतो.

फरक पडलाय तो इतकाच, की यादी पुन्हा सुरू झालीये. आईच्या डोळ्यांना आता पेन्सिल दिसत नाही, म्हणून ती सांगते आणि मुलगी लिहिते, कॅलेंडरच्याच उलट्या कागदावर. परवा महिन्याचं सामान आणायला निघालो आणि जिन्यात यादी उघडली. तूरडाळ २ किलो. गूळ १ किलो. मीठ. साबण नको. कपड्यांची पावडर (बघून). आणि सगळ्यात खाली, आईनं नक्कीच सांगितलेली नसलेली एक ओळ: चॉकलेट (बघून).